काळप्रवासाचे परिणाम टेबलावर कसे निभावता? (आमची १९४४ ची गोदी मोहीम)

रात्रपाळी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

टेबलटॉप (टेबलाभोवती बसून, फासे टाकत एकेक पात्र जगायचे खेळ) खेळणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढतेय. खेळाडू भूतकाळात जाऊन काहीतरी बदलून आले, तर जीएमनं (गेम मास्टरनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानं) पुढे काय करायचं? मी यात एकदा मोठी चूक केली. ती आधी सांगते, मग सध्या काय करतेय ते, आणि शेवटी एक प्रश्न.

गेले काही महिने दर शनिवारी रात्री आम्ही पाच जण ठाण्यात माझ्याकडे जमतो. मी जीएम, बाकीचे चौघे खेळाडू. नियम कॉल ऑफ कथुलू या भयकथांच्या खेळाच्या सातव्या आवृत्तीचे, शंभराच्या फाशांवर. त्यातली भुतंखेतं आणि देवता काढून टाकल्यात, तपास आणि माणसं तेवढी ठेवलीत. बीज साधं आहे. २०१९ साली चार जणांना माझगावला एक जुना गाळा वारशानं मिळतो. गाळ्याच्या मागच्या भिंतीत दार आहे. दार उघडलं की पलीकडे एप्रिल १९४४ ची मुंबई.

तारीख मी विचार करून निवडली होती. शुक्रवार, १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज उभं होतं. फेब्रुवारीत इंग्लंडच्या बर्कनहेडहून निघालेलं, कराचीत कापसाच्या गासड्या भरून १२ तारखेला मुंबईत आलेलं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, त्याच्याच सोबतीला कापूस, आणि सोन्याच्या विटा. दारूगोळ्याच्या जहाजावर लावायचं लाल निशाण त्याच्यावर नव्हतं. दुपारची जेवणाची सुट्टी संपवून कामगार परतले तेव्हा दोन नंबरच्या होल्डमधून (माल भरायच्या कप्प्यातून) धूर येताना दिसला. बंब आले, पाण्याचा मारा झाला. जहाज तिथेच बुडवायचं की ओढून समुद्रात न्यायचं, यावर अधिकाऱ्यांचं एकमत होईना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, साधारण अर्ध्या तासानं दुसरा. धक्क्याची नोंद शिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. आठशेच्या वर माणसं गेली, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान. ऐंशी हजारांच्या आसपास लोक बेघर झाले.

जीएमच्या नजरेनं बघितलं तर या दिवशी एक फट आहे. दोन ते चार. त्या दोन तासांत कुणी एक निर्णय घेतला असता तर? माझ्या खेळाडूंनी ती फट बरोबर हेरली. सतराव्या सेशनला ते गोदीत होते. यशवंत नावाचा टोळीवाला, म्हणजे गोदी कामगारांच्या टोळीचा मुकादम (हे माझं पात्र, खरा माणूस नव्हे) त्यांच्या बाजूनं झाला होता. माझी मैत्रीण 'मंदा' हे कॅरेक्टर खेळते. तिनं अधिकाऱ्यांसमोर उभं राहून जहाज ओढून न्यायची गळ घातली. मी अत्यंत कठीण रोल मागितला. तिनं फासे टाकले. शून्य चार. (या नियमांत आकडा जितका लहान तितकं यश मोठं.) टेबलाभोवतीचे चौघेही उभे राहिले. टगबोटी लागल्या, जहाज गोदीबाहेर पडलं, आणि स्फोट झाला तो उघड्या समुद्रात. यशवंत टगबोटीवरून परत आला नाही, पण शहर वाचलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आनंदानं नव्हे, भीतीनं. पुढची अकरा सेशन्स मी जळलेल्या मुंबईवर बेतून ठेवली होती. मग अठराव्या सेशनला मी काय केलं? चौघे २०१९ मध्ये परत आले आणि सगळं जसंच्या तसं. पुस्तकात तोच स्फोट, तीच वेळ, तेच आकडे. 'काळानं स्वतःला सावरलं,' असं मी गंभीर आवाजात सांगितलं.

कुणी काही बोललं नाही. मंदावालीनं कॅरेक्टर शीटची घडी केली, माझ्याकडे सरकवली आणि विचारलं, "मग मी चार महिने काय करत होते?" त्यानंतर तीन शनिवार ती आली नाही.

मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. आम्ही अठरावं सेशन सगळ्यांच्या संमतीनं रद्द केलं आणि सतराव्याच्या शेवटापासून पुन्हा सुरुवात करतोय. त्या घटनेतून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे: जगाचा इतिहास हवा तितका बदलू दे, पण टेबलावर जे खेळलं गेलं ते पुसायचा अधिकार जीएमला नाही. जग विसरू शकतं. खेळाडूंनी टाकलेला शून्य चार कुणी विसरायचा नाही.

आता नवी पद्धत. अब्दुल रहमान स्ट्रीटवरून लाल कापडाच्या पुठ्ठ्याची जाडजूड चोपडी आणली, दुकानदार हिशेबाला वापरतात ती. प्रत्येक पानावर तीन रकाने पाडलेत: काय बदललं, कुणाला कळलं, कुठे उगवणार. एका बदलाला जास्तीत जास्त तीन नोंदी. पहिली त्याच सेशनमध्ये दिसली पाहिजे. दुसरी तीन-चार सेशनच्या आत. तिसरी मी लिहून पान दुमडून पिन मारते, ती मोहिमेच्या शेवटाकडे उघडायची. तीनच का, तर त्यापेक्षा जास्त लिहिल्या की माझ्याच लक्षात राहत नाहीत, आणि मला न आठवणारा परिणाम खेळाडूंना कधीच दिसत नाही.

दाराला एक नियम घातलाय: जगलेला तास बंद. १९४४ मधल्या ज्या तासात तुम्ही एकदा होतात, त्या तासात पुन्हा जाता येत नाही. हे नसतं तर चौघांनी दोन ते चार हे दोन तास पंधरा वेळा खेळले असते आणि एकाही रोलला किंमत उरली नसती. आणि दारातून जाऊन आलेल्यांना दोन्ही इतिहास आठवतात, बाकी जगाला फक्त नवा.

आता प्रश्न. मंदाच्या पार्श्वभूमीत पहिल्या दिवसापासून लिहिलंय की तिची आजी मांडवीला राहायची, आगीत घर गेलं, मदत छावणीत आजोबांची गाठ पडली. शीटवर हे तिच्या स्वतःच्या अक्षरात आहे. आता आग लागलीच नाही. छावणी नाही, गाठ नाही, मंदाची आई नाही. मंदाचं काय करू? 'काही झालं नाही' म्हटलं तर पुन्हा तीच चूक. 'तू नाहीशी झालीस' म्हटलं तर मोहिमेतला सगळ्यात सुंदर रोल टाकणाऱ्या खेळाडूला मी बाहेर काढते. शनिवारपर्यंत ठरवायचंय.

वीसपैलू

धागा आवडला. अठराव्या सेशनबद्दल इतक्या मोकळेपणानं लिहिलंत याबद्दल आभार. ही चूक मीही केली आहे.

मंदाकडे येतो, त्याआधी मूळ प्रश्न. तुमच्या मोहिमेत काळ नक्की कसला, हे सेशन झिरोला (खेळ सुरू होण्याआधीच्या ठरवाठरवीच्या बैठकीत) ठरलं होतं का? माझ्या मते टेबलावर तीनच प्रकार चालतात. एक अटळ काळ: काहीही करा, घडायचं ते घडतंच, उलट तुमच्या करण्यामुळेच घडतं. दुसरा फाट्यांचा: बदल केला की नवा फाटा फुटतो, जुना तिकडे चालूच. तिसरा एकच पण बदलता: बदललं ते बदललं, परतीची वाट नाही. तुम्ही खेळत होतात तिसरा, आणि घाबरून अठराव्याला गुपचूप पहिल्यावर उडी मारलीत. खेळाडू नियमावर चिडत नाहीत, न सांगता बदललेल्या नियमावर चिडतात.

फाट्यांचा अनुभव सांगतो. मागे आम्ही पानिपतचा वन-शॉट (एकाच बैठकीत संपणारा खेळ) खेळलो. १४ जानेवारी १७६१. अर्थातच सगळे थेट विश्वासरावांच्या दिशेनं सुटले. गोळी लागू द्यायचीच नाही. पाच तासांच्या खेळात त्यांनी ते करून दाखवलं, खरोखर घाम गाळून. मी म्हटलं, झालं, नवा फाटा फुटला. एकानं विचारलं, "मग आपल्या फाट्यावरचे?" मी म्हटलं, ते गेलेच. त्याचा चेहरा पडला तो मला आजही दिसतो. वाचवलं म्हणायचं आणि वाचवलं नाही असंही म्हणायचं, हे काही जमत नाही. तेव्हापासून मी फाटे वापरलेले नाहीत.

पानिपतानं आणखी एक शिकवलं. घटना फार मोठी असली की परिणामांची चर्चा खेळ खाऊन टाकते. मराठे जिंकले असते तर इंग्रज आले असते का, यावर आमची रात्र गेली आणि एकही फासा पडला नाही. तुमची गोदी त्या मानानं बरोबर मापाची आहे. एक शहर, एक दुपार, चालत फिरता येईल एवढा परिसर.

खाडीपलीकडे

वाचतेय. चोपडीची कल्पना उचलणार. पु. भा. प्र. (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत)

जुनी_चाळ

छान लिहिलंय, पण माझं मत थोडं वेगळं. परिणाम जड असले पाहिजेत, नाहीतर काळप्रवास म्हणजे सहल होते. १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात, तो याच ६६ जवानांमुळे. तुमच्या नव्या २०१९ मध्ये तो दिवस नाही. भायखळ्याला दलाच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे, तेही नाही. एका भयंकर दुपारीनं शहराला जो धडा शिकवला तो शिकवलाच गेला नाही. मी असतो तर नव्या इतिहासात पुढे कधीतरी याहून मोठी आग दाखवली असती, आणि खेळाडूंना कळलं असतं की ती त्यांनी लावली.

रात्रपाळी (धागाकर्ती)

@वीसपैलू, अगदी बरोबर. सेशन झिरोला 'काळ बदलतो' एवढंच मोघम बोललो होतो. परवा सगळ्यांना विचारून चोपडीच्या पहिल्या पानावर लिहिलं: एकच काळ, बदलता, परतीची वाट नाही. चौघांनी खाली सही केली.

@जुनी_चाळ, स्मारक नसणं ही नोंद मी नक्की घेते, फार प्रभावी आहे. भायखळ्याला नेहमीच्या जागी जावं आणि तिथे काहीच नसावं. ते चारच जण जाणतात की तिथे काय होतं. पण मोठ्या आगीला माझा ठाम विरोध आहे. खेळाडूंनी माणसं वाचवली. त्याबद्दल आणखी माणसं मारून दाखवली, तर खेळ त्यांना सांगतोय की पुढच्या वेळी कुणाला वाचवू नका. तीन-चार सेशननंतर टेबलावर कुणी कशालाच हात लावणार नाही. मी असं टेबल पाहिलंय. सगळे दारातून आत जातात, कोपऱ्यात उभे राहतात आणि विचारतात, "आम्ही इथे नुसते उभे राहिलो तर चालेल ना?" परिणाम आणि शिक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जुनी_चाळ

मान्य करायला थोडा वेळ लागला, पण मान्य. 'नुसते उभे राहिलो तर चालेल ना' हे माझ्या टेबलावरही ऐकलंय. तेव्हा मी खेळाडूंना भित्रे समजत होतो.

घंटानाद

मी खेळत नाही, माझा मुलगा खेळतो. त्यानं हा धागा दाखवला. माझे आजोबा मुंबई अग्निशमन दलात होते. या स्फोटानंतर काही वर्षांनी भरती झाले, पण जे गेले त्यांच्याबरोबर काम केलेली माणसं त्यांना वरिष्ठ म्हणून लाभली. दर १४ एप्रिलला आजोबा दुपारी चार वाजता खुर्चीतून उठून उभे राहायचे. काही बोलायचे नाहीत. आम्हा मुलांना वाटायचं सगळ्यांच्याच घरी असं करतात.

खेळाला माझा आक्षेप नाही. उलट या निमित्तानं चार तरुण मुलं हा दिवस मिनिटागणिक समजून घेतायत, हे मला चांगलंच वाटलं. एकच विनंती. त्या ६६ जणांपैकी कुणाच्या नावाचं पात्र करू नका. त्यांना घाबरलेलं, चुकलेलं, पळालेलं दाखवू नका. ते पाण्याचे पाइप धरून उभे होते, आणि तसेच गेले.

रात्रपाळी (धागाकर्ती)

@घंटानाद, तुमचा प्रतिसाद मी आमच्या गटात मोठ्यानं वाचून दाखवला. तुमची विनंती चोपडीच्या पहिल्या पानावर, सह्यांच्या वर लिहिली आहे. आमच्या खेळात दलातल्या कुणाचंही नाव नव्हतं, पण सोळाव्या सेशनला मी एका जवानाला गोंधळलेला दाखवलं होतं. ते परत होणार नाही. टेबलावर एक्स कार्ड असतंच, म्हणजे ते दाखवून कुणालाही कारण न सांगता प्रसंग थांबवता येतो. पण कार्डाची वाट बघायची नाही, ही जबाबदारी जीएमची.

तुमच्या आजोबांना नमस्कार.

वीसपैलू

आता मंदा. माझं उत्तर: मंदाला पुसू नका, तिची नाती पुसा.

सातव्या आवृत्तीच्या शीटवर मागच्या बाजूला पार्श्वभूमीचे रकाने आहेत. महत्त्वाची माणसं, जिव्हाळ्याच्या जागा, जपलेली वस्तू. सहसा ते एकदा भरले की कुणी बघत नाही. पुढची बाजू, म्हणजे कौशल्यं, आकडे, नशीब, सगळं तसंच ठेवा. ते तिनं खेळून कमावलंय. मागची बाजू मात्र रिकामी. ती दारातून आत गेली होती म्हणून वाचली, पण बाहेर आल्यावर तिला ओळखणारं कुणी नाही. आईच्या पत्त्यावर दुसरंच कुटुंब. फोनमधले नंबर लागतात, पण पलीकडे अनोळखी माणसं.

आणि मग तो भाग रिकामा ठेवायचा नाही, खेळायला द्यायचा. पुसलेला प्रत्येक रकाना ती खेळून पुन्हा भरू शकते. किंमत खरी आहे, पण किंमत देऊन ती टेबलावरच राहते. उलट पुढचे दोन महिने मोहिमेचा कणा तीच.

कोकणकडा

वरच्या मुद्द्याला +१. तांत्रिक बाजूनं दोन गोष्टी जोडतो. खेळाडूंना 'मी आधीच येऊन हे करून ठेवलं होतं' असं म्हणायला फार आवडतं. चावी दाराच्या वर, बंदूक फळीखाली. ब्लेड्स इन द डार्क नावाच्या खेळात अशा फ्लॅशबॅकला ताणाचे गुण मोजावे लागतात: सहज शक्य गोष्ट फुकट, अवघड गोष्ट महाग. तोच हिशेब काळप्रवासात उसनवारीसारखा वापरता येतो. चावी आत्ता घ्या, पण मागे जाऊन ती ठेवण्याचं काम चोपडीत नावे पडलं. तीन सेशनमध्ये ते फेडलं नाही तर चावी मुळात तिथे नव्हतीच, आणि त्या चावीनं उघडलेलं दारही बंद. आमच्याकडे एकानं उसनवारी विसरून अख्खा साथीदार गमावला होता. तेव्हापासून सगळे स्वतःहून हिशेब ठेवतात.

दुसरं, मोहीम सुरू करण्याआधी मायक्रोस्कोप नावाचा खेळ एक संध्याकाळ खेळून बघा. त्यात सगळे मिळून एका जगाचा इतिहास कार्डांवर उलटसुलट क्रमानं मांडतात. आधी मांडलेल्याला छेद द्यायचा नाही, हा त्यातला धर्म. तो हात बसला की कोणती घटना कशाला टेकून उभी आहे हे बघायची सवय लागते. आम्ही भिंतीवर कार्डं लावतो. एक काढलं की खेळाडूच ओरडतात, "अरे, मग ते खालचंही पडलं!"

सांजवात

मी खेळाडू आहे, जीएम नाही, म्हणून त्या बाजूनं सांगते. जीएम लोक परिणाम फार मोठे करतात. राजवट बदलली, युद्ध वेगळं संपलं, नकाशे बदलले. मला त्यातलं काही आठवत नाही. आमच्या मोहिमेत जे मनात राहिलं ते हे: आम्ही परत आलो आणि आमच्या नेहमीच्या इराण्याकडे बन मस्का मिळत नव्हता. मालक तोच, गल्ल्यावर तोच माणूस, पण बन मस्का म्हणजे काय हे त्याला माहीतच नव्हतं. आम्ही तिघं त्याला समजावून सांगत होतो आणि सांगता सांगता एकीला रडू आलं. जीएमनं यावर फार तर एक ओळ लिहिली असेल.

सोन्याचा काही उपयोग करता येईल का? एका पारशी गृहस्थाच्या घरात जहाजावरची सोन्याची वीट येऊन पडली होती आणि त्यांनी ती सरकारकडे परत केली, असं वाचलंय.

रात्रपाळी (धागाकर्ती)

@सांजवात, सोन्याचा फार छान धागा दिलात. विटा स्फोटानं उडाल्या, काही गोदीच्या गाळात गेल्या आणि पुढे कित्येक वर्षं गाळ काढताना सापडत राहिल्या. आमच्या नव्या इतिहासात त्या सगळ्या समुद्राच्या तळाशी, टगबोटीच्या शेजारी. ही दुसरी नोंद झाली. कुणाला तरी त्या हव्या असणार, आणि जागा ठाऊक असलेली माणसं फक्त चार.

@कोकणकडा, उसनवारीचा नियम घेतला. आणि 'कुणाला कळलं' या रकान्याबद्दल एक सांगते. युद्धाचे दिवस असल्यामुळे खऱ्या स्फोटाची बातमीसुद्धा सेन्सॉरनं दाबली होती, इथल्या वर्तमानपत्रांना ती छापायला मे उजाडला. समुद्रातल्या स्फोटाबद्दल तर आणखीच कमी बोललं गेलं असेल. माझ्या नव्या इतिहासात उरलाय तो फक्त शिमल्याच्या कागदावरचा एक थरथरता काटा, आणि किनाऱ्याजवळच्या लोकांची 'त्या दिवशी दुपारी मोठ्ठा आवाज झाला' एवढी आठवण. घटना निवडताना हे बघा, असं नव्या जीएमना सांगेन. जिच्यावर आधीच गुप्ततेचं झाकण आहे अशी घटना बदलणं सोपं जातं. रोज वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरलेली घटना घेतली तर तुम्ही शनिवारचे खेळायचे तास बातम्या लिहिण्यात घालवाल.

@वीसपैलू, मंदाचं तुम्ही म्हणताय तसंच करते. मंदावालीला आधी विचारलं, अर्थात. अचानक टेबलावर नाही सांगितलं. तिनं शीट उलटून मागची बाजू बराच वेळ वाचली आणि म्हणाली, "खोडरबर दे." महत्त्वाची माणसं, जिव्हाळ्याच्या जागा, दोन्ही तिनं स्वतःच्या हातानं खोडलं. जपलेल्या वस्तूपाशी थांबली. तिथे लिहिलं होतं: आजीचा अडकित्ता. "हा तर दारातून जाताना माझ्या पिशवीत होता," ती म्हणाली. "हा कसा जाईल?"

खरंच होतं. सहाव्या सेशनला त्याच अडकित्त्यानं तिनं एक दोर कापला होता, माझ्या वहीत नोंद आहे. मी म्हटलं, राहू दे.

जुनी_चाळ

अडकित्ता!! शनिवारी काय झालं ते नक्की लिहा.

घंटानाद

यशवंतच्या घरच्यांचं काय? तो काल्पनिक असला तरी विचारते. मुलाला विचारलं, त्यालाही माहीत नाही.

रात्रपाळी (धागाकर्ती)

उशिरा लिहितेय, क्षमस्व. नवं अठरावं सेशन काल झालं.

भायखळ्याच्या प्रसंगानं सुरुवात केली. चौघे मुख्यालयासमोर उभे. मी वर्णन केलं आणि थांबले. कुणी फासे उचलले नाहीत. माझ्या भावाचं पात्र इक्बाल. तो फक्त म्हणाला, "घड्याळात किती वाजलेत?" मी म्हटलं, चारला पाच कमी. ते सहा मिनिटं जास्तच थांबले तिथे. खेळातही आणि टेबलावरही. कुणी मोबाइलला हात लावला नाही.

मग मंदा मांडवीला गेली. एकटीच, बाकीचे खाली थांबले. जी चाळ आगीत गेली होती ती उभी आहे. लाकडी जिना, कठडा गुळगुळीत झालेला, पहिल्या मजल्यावर वाळत घातलेली नऊवारी. दार उघडं. आत नव्वदी ओलांडलेली बाई पाटावर बसून सुपारी कातरतेय. तिचं लग्न इथेच शेजारच्या घरात झालं. नातवंडं आहेत, पण त्यात मंदा नाही.

आजी मी खेळत होते. मी म्हटलं, "कोण गं तू? कुणाकडे आलीस?"

मंदावालीनं काहीतरी थाप मारायची तयारी केली होती, जनगणनेचं वगैरे. तिला ती सांगता येईना. तिनं विचारलं, "आजी, तुम्हाला चव्वेचाळीस सालचा एप्रिल आठवतो का?" मी म्हटलं, "आठवतो की. दुपारी समुद्राकडून असा आवाज आला की फळीवरची सगळी भांडी खाली. आई म्हणाली, देवानं राखलं. कशापासून राखलं ते काही कळलं नाही."

मंदावालीचे डोळे भरले. मी कार्डाकडे बोट केलं, तिनं मान हलवून नको म्हटलं.

मग तिनं रोल न मागता पिशवीतून अडकित्ता काढला आणि टेबलावर ठेवला. खराखुरा. माझ्या नकळत तिच्या घरून आणला होता, पितळी, मोराच्या मानेचा. मला पुढे काय करावं ते क्षणभर सुचलं नाही, कारण चोपडीत यातलं काहीच नव्हतं. मग मी आजीच्या हातातला, म्हणजे नसलेला, अडकित्ता हवेतच त्याच्या शेजारी ठेवला.

"हा माझा," मी म्हटलं. "माझ्या आईनं दिलेला. डाव्या पात्यावर टवका उडालाय बघ." मी खाली बघितलं. तिनं आणलेल्या अडकित्त्याच्या डाव्या पात्यावर खरंच टवका होता. ते मी आधी पाहिलेलं नव्हतं, बोलता बोलता तोंडून गेलं. टेबलावर कुणी श्वास घेत नव्हतं.

"मग हा कुणाचा?" आजीनं विचारलं. "तुला कुणी दिला?"

"माझ्या आजीनं," मंदा म्हणाली.

"तिचं नाव काय?"

तिथे मी सेशन थांबवलं. रात्रीचे पावणेदोन झाले होते आणि मला वाटलं, हे उत्तर घाईत येऊ नये. जाताना ती शीट घेऊन गेली. महत्त्वाची माणसं हा रकाना अजून रिकामाच आहे.

@घंटानाद ताई, यशवंतची नोंद तिसरी आहे, पान दुमडून पिन मारून ठेवलंय. शिवडीला त्याची नात राहते एवढं सांगते. तिला आजोबा कसे गेले हे घरात कुणी कधी सांगितलेलं नाही. सांगू शकतील अशी माणसं चारच आहेत, आणि त्यांना अजून ती सापडलेली नाही.

पुढचं सेशन शनिवारी रात्री नऊला.